समोरचा कोण?

गेल्या नाताळात मुदखेडच्या एका लहानशा मेळाव्यात आम्ही जोडीदार बदलण्याचा टिपरीनाच पाहिला. आत एक फेर, बाहेर एक फेर. प्रत्येक आवर्तनानंतर नवा जोडीदार. योजना स्तुत्य होती. मुदखेड रेल्वेचे जंक्शन, शिवाय केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांच्या जोडीला केरळ, झारखंडकडून बदलीवर आलेली माणसेही मेळाव्यास येतात आणि आपापल्या घोळक्यात उभी राहतात. हे घोळके मोडावेत म्हणूनच तो नाच होता. परंतु तिसऱ्या आवर्तनाअखेर फेर विसकटला. चाल ठाऊक असलेल्यांनी एकमेकांना ओढून घेतले. बाहेर उरली ती नेमकी नवी माणसे. हातांत टिपऱ्या धरून भिंतीशी उभ्या राहिलेल्या दोन भगिनी अजून आमच्या डोळ्यांपुढे आहेत.

दोष नाचणाऱ्यांचा नव्हता, सूचनांचा होता, असे आमचे मत आहे. सूचना हीदेखील भाषेची कृती आहे. तेव्हा तिची समीक्षा करण्यात गैर काही नाही. सूचना देणाऱ्या गृहस्थांचा आवाज खणखणीत होता, विनोदही प्रसन्न होता, हे आधी नमूद करतो.

पहिली सूचना होती, 'समोरच्याकडे जा.' आपल्याकडे तोंड करून उभा असलेला तो समोरचा. फेरात चालताना आपल्यापुढे पाठमोरा असलेला, तोही समोरचाच. 'पुढचा' हा शब्द त्याहून फसवा. जागेने पुढचा, की क्रमाने पुढचा? गोंधळ वाढताच 'पार्टनर चेंज' अशी हाक आली. इंग्रजीमुळे सूचनेला वजन आले, अर्थ मात्र आला नाही.

दुसरी सूचना अधिक घातक होती, कारण ती वरवर निर्दोष वाटते: 'सर्वांनी एक जागा उजवीकडे सरका.' आतल्या फेराचे तोंड बाहेर, बाहेरच्या फेराचे आत. म्हणजे दोघांची उजवी बाजू परस्परविरुद्ध. दोघेही सरकले की मधला एक जण दर खेपेस वगळला जातो. आठ जोड्या असतील तर प्रत्येकास चारच जोडीदार भेटतात. पाचव्या आवर्तनाला पहिलाच पुन्हा उभा! सूचना तंतोतंत पाळली, तरी निम्मी माणसे एकमेकांना भेटणार नाहीत. 'आतल्यांनी जागेवरच थांबा. बाहेरच्यांनी आपल्या डाव्या हाताला एक जागा सरका,' एवढे म्हटले असते तर आठही जण भेटले असते.

तिसरी उणीव वेळेची. 'बदला' ही हाक ठेका संपल्यावर येई, आणि तिचे स्पष्टीकरण त्याहून उशिरा. कवायतीत 'पीछे' आणि 'मुड' यांच्यामध्ये क्षणभर थांबतात. पहिला शब्द काय करायचे ते सांगतो, दुसरा केव्हा करायचे ते. आणि त्या मधल्या क्षणात मन तयार होते. अमेरिकेतील लोकनृत्यांत हाक देणारेही आवर्तन संपण्याआधीच हाक देतात. ज्या गावात रोज कवायत चालते, तेथे हे आम्हांस सुचू नये, याची गंमत वाटते.

लोकनृत्य पाहून शिकायचे असते, शब्दांनी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. जो फेर बाळपणापासून पाहिला, त्याबाबत तो खरा आहे. जॉन प्लेफर्डने 1651 मध्ये इंग्रजी नृत्यांचे पुस्तक काढले, ते अशाच जाणत्यांसाठी. त्यातील सूचना इतक्या त्रोटक होत्या की विसाव्या शतकाच्या आरंभी ती नृत्ये पुन्हा उभी करताना सेसिल शार्प यांना ठिकठिकाणी तर्कच करावा लागला. शार्प अडीचशे वर्षांनी आले. आपल्याकडे बदलीवर आलेले कुटुंब गेल्याच महिन्यात आले असेल. दोघांनाही मूळ चाल पाहावयास मिळालेली नसते.

यंदाच्या ईस्टर मेळाव्यात हाच नाच पुन्हा व्हावा, असे आम्हांस मनापासून वाटते. वाद्ये सुरू होण्यापूर्वी चार जोड्यांनी तो एकदा नुसता चालून दाखवावा. आणि त्या दोन भगिनींना आतल्या फेरात उभे करावे. आतल्यांना जागा सोडावी लागत नाही, जोडीदार आपण होऊन त्यांच्यापुढे येत राहतात.