असूड कोणाचा, वीण कोणाची?

महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. असूड कोणावर ओढला, हे समीक्षक हौसेने सांगतात. तो वळला कोणी, हे सहसा विचारीत नाहीत.

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात साजाच्या दुकानापुढे उभे राहिले की हा प्रश्न टाळता येत नाही. कातडे ढोराने कमवायचे, वादी चांभाराने कापायची, दोर मांगाने वळायचा, ही गावगाड्याची वाटणी. वादी ओलसर असतानाच विणावी लागते. वाळताना ती आवळते आणि पेड घट्ट बसतात. रुंदी कमीजास्त झाली की तेवढ्याच जागी वीण ढिली पडते. हे ज्ञान आहे. बलुत्याच्या धान्यात ते ज्ञान म्हणून कधी मोजले गेले नाही. (आता तिथे नायलॉनचे कासरे लोंबतात.) आमच्या ग्रामीण कथेत बैल येतो, मोट येते, घोड्याचा लगामही येतो, विणणारा हात क्वचितच.

यात फुल्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने असूडाच्या २८ वर्षे आधी, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदया’त मांगमहारांचे दुःख मांडले होते. असूडाच्या रूपकावर लिहिणाऱ्यांनी तो निबंध या ग्रंथाशेजारी ठेवून फारसा वाचलेला दिसत नाही.