माळ्याची बोली, नायकाची लेखणी

दिलीपकुमारवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक त्याच्या अभिनयावर. ‘देवदास’मधला तुटलेला आवाज, ‘मुगल-ए-आझम’मधला अबोल सलीम, ‘कोहिनूर’साठी सतार शिकणे, आठ वेळा मिळालेले फिल्मफेअर, हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. लेखक दिलीपकुमार मात्र फारसा कुणाच्या खिजगणतीत नाही. ‘गंगा जमुना’ (१९६१) या चित्रपटाची कथा त्याची, निर्मिती त्याची. दिग्दर्शक म्हणून नाव नितीन बोस यांचे असले तरी चित्रपट घडवला तो दिलीपकुमारनेच, असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. म्हणजे अभिनेता, लेखक आणि पडद्याआडचा दिग्दर्शक या तिन्ही भूमिका एकाच माणसाने केलेला हा चित्रपट, आणि त्याची मुळे नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात आहेत.

१९२२ साली पेशावरात जन्मलेला युसूफ खान, म्हणजेच दिलीपकुमार, देवळालीत आला तो थोरल्या भावाच्या दुखण्यामुळे. अयुब घोड्यावरून पडला, पाठीला इजा झाली, आणि डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितले. फळांचा व्यापार करणाऱ्या वडिलांनी, सरवर खानांनी, कुटुंब देवळालीत हलवले. देवळालीची हवा तेव्हा औषध म्हणूनच विकली जाई. लॅम रोडच्या बाजूने पारशी, गुजराती मंडळींचे बंगले आणि आरोग्यभवने होती, पलीकडे लष्कराच्या बराकी, जवळच भगूर. १९२५ साली मुंबईच्या भायखळ्याहून इथे आलेल्या बार्न्स स्कूलमध्ये युसूफचे नाव घातले गेले आणि त्याचे इंग्रजी तिथे पक्के झाले. घरात हिंदको आणि पश्तो, शाळेत इंग्रजी, बाजारात मराठी आणि गुजराती. इतक्या भाषा एकाच वेळी कानावर पडणारी गावे महाराष्ट्रात तेव्हा फार नव्हती. छावणीच्या गावांना आपण लष्करी शिस्तीपुरते ओळखतो, त्यांच्या या भेळमिसळीकडे लक्षच देत नाही.

या घरी एक बिहारी माळी होता. तो आणि त्याची बायको आपसात ज्या बोलीत बोलत, ती या मुलाला फार आवडे. २०१४ साली उदयतारा नायर यांच्या शब्दांकनाने आलेल्या आत्मकथनात दिलीपकुमारने ही आठवण सांगितली आहे. पुढे ‘गंगा जमुना’तला त्याचा गंगा ज्या पूरबी ढंगात बोलतो, त्याचे बी इथले आहे.

त्या काळातल्या हिंदी चित्रपटातला शेतकरी कसा बोले? थोडे उर्दू, थोडे ‘हमार-तुमार’, आणि गाणे आले की सरळ शायरी. ही बनावट खेडवळ भाषा सगळ्या देशात चाले म्हणूनच टिकून होती. दिलीपकुमारने ती टाकून दिली. हा साधा धोका नव्हता. पंजाबात आणि दक्षिणेत ही बोली समजेल की नाही, याची खात्री कुणालाच देता आली नसती. संवाद लिहायला त्याने घेतले ते वजाहत मिर्झांना, म्हणजे सीतापूरच्या, अवधच्याच माणसाला. तमिळ घरात वाढलेली वैजयंतीमाला धन्नो म्हणून ती बोली अशी बोलली की तिला फिल्मफेअर मिळाले. संवादांसाठी मिर्झांना आणि छायाचित्रणासाठी व्ही. बाबासाहेब यांनाही. आईच्या भूमिकेत आपल्या लीला चिटणीस होत्या.

बोलीमुळे नेमके काय साधले? गंगाचा भाऊ जमुना शिकतो, शहराची भाषा बोलू लागतो, पोलीस अधिकारी होऊन परततो. गंगा गावच्याच बोलीत राहतो आणि डाकू होतो. दोन भावांमधली दरी लेखकाने भाषणांतून सांगितली नाही, ती त्यांच्या उच्चारांतच ठेवली. समोरासमोर उभे राहून ते भांडतात तेव्हा वाद कायद्याचा असतो, पण ऐकू येते ती वर्गाची गोष्ट. नुसत्या नटाला हे सुचत नाही. नट आपल्या वाक्याचा विचार करतो, लेखक समोरच्याच्या वाक्याचाही. शेवटच्या प्रसंगासाठी दिलीपकुमार स्टुडिओभोवती धावला आणि धापा टाकतच कॅमेऱ्यासमोर आला, ही आख्यायिका सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की त्या धापांसाठी मरणाऱ्याच्या तोंडी मोजकीच वाक्ये ठेवायची समज लेखकाला होती.

सेन्सॉर बोर्डाने चित्रपट अडवून धरला होता आणि पंडित नेहरूंनी लक्ष घातल्यावरच तो सुटला, हाही इतिहास आहे. डाकूला सहानुभूती मिळते म्हणून नाराजी होती. ती मिळतेच. सरकारी मंडळींचे ऐकणे त्या बाबतीत बरोबर होते, निष्कर्ष चुकीचा.

तरीही हा निर्दोष चित्रपट नाही. त्याचे वैगुण्य लेखक आणि नट एकच असण्यातूनच आले आहे. नासिर खान, म्हणजे दिलीपकुमारचा सख्खा भाऊ, जमुना झाला आहे. त्याला लेखकाने तत्त्व दिले, तगमग दिली नाही. भावाला गोळी घालायची वेळ येते तेव्हा आपण गंगासाठी रडतो, जमुनासाठी नाही. चांगले प्रसंग लिहिणाऱ्याने स्वतःकडे ठेवले. चौदा वर्षांनी सलीम-जावेद यांनी ‘दीवार’मध्ये याच दोन भावांना मुंबईच्या गोदीत आणले, आणि भाकरी चोरणाऱ्या पोरावर गोळी झाडून त्याच्या आईवडिलांच्या दारात जायला लागलेला पोलीस भाऊ लिहिला. त्या एका प्रसंगाने धाकट्या भावाला स्वतःचे दुःख मिळाले. जे ‘गंगा जमुना’त राहून गेले होते ते बाहेरच्या लेखकांनी पुरे केले. त्यांना नायकाचे काम करायचे नव्हते, हे त्यामागचे एक कारण असणारच.

पुढे ही खोट वाढत गेली. ‘लीडर’ (१९६४) ची कथाही दिलीपकुमारची. चाळिशी ओलांडलेला नट कॉलेजातला तरुण झाला आहे, राजकारणावर टिंगल आहे, प्रेमकथा आहे, खून आहे, देशभक्तीचे गाणे आहे. सगळे आहे, फक्त कुणाचे बोलणे कानात राहत नाही. ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) वर दिग्दर्शक म्हणून नाव ए. आर. कारदार यांचे, पण दिलीपकुमारचा हात त्यातही होता. ‘वुदरिंग हाइट्स’ तो याआधी ‘आरजू’त करून चुकला होता, इथे त्याच कादंबरीला पुन्हा शरण गेला. नव्वदीच्या दशकात सुधाकर बोकाडे या मराठी निर्मात्याच्या ‘कलिंग’वर दिग्दर्शक म्हणून अखेर त्याचे नाव लागले, आणि तो चित्रपट प्रदर्शितच झाला नाही. लेखक-दिग्दर्शक म्हणून त्याची खरी कमाई एकाच चित्रपटाची. तो एक चित्रपट त्याने ऐकलेल्या आवाजातून लिहिला होता, बाकीचे स्वतःच्या प्रतिमेसाठी.

इथे एक आडवळण घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या बराकींत जिमी पेरी नावाचा एक तरुण ब्रिटिश सार्जंट होता. तोफखान्याच्या करमणूक पथकात तो नाटुकली, गाणी बसवी. मायदेशी परतून तो नट झाला, मग लेखक. त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर देवळालीतल्याच छावणीवर एक विनोदी मालिका लिहिली, ती बीबीसीवर १९७४ ते १९८१ चालली. त्यातली देवळाली इंग्लंडातच उभी केली होती. सैनिकांचे बोलणे तिच्यात अस्सल आहे, कारण पेरीने ते बराकीत ऐकले होते. पण रंगीराम हा भारतीय नोकर झाला तो तोंडाला रंग फासलेला मायकेल बेट्स. झाशीत जन्मलेल्या त्या नटाला हिंदुस्तानी येत होती, तरी पात्र सोंगाचेच राहिले. आज बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. एकाच गावात काही वर्षांच्या अंतराने दोन कान वावरले. एकाला नोकरांच्या बोलण्यात विनोद ऐकू आला, दुसऱ्याला बोली.

आपल्या मराठीत लिहिणाऱ्या, दिग्दर्शन करणाऱ्या नटांची परंपरा जुनी आहे. शांतारामबापूंनी कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ‘दो आँखें बारह हाथ’ केला, पण लेखन गदिमांकडे सोपवले, आणि ते शहाणपणाचे ठरले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) ‘सबकुछ पु. ल.’ होता. दादा कोंडके तर आपल्या चित्रपटांचे सगळेच काही झाले. पहिल्या काही चित्रपटांत त्यांच्या कानात वगनाट्याचा प्रेक्षक होता, पुढे फक्त शिट्ट्या राहिल्या.

आज चित्र काय आहे? गिरीश कुलकर्णीने ‘देऊळ’ (२०११) लिहिला आणि त्यात स्वतःसाठी गुरे राखणारा भोळा केशा ठेवला. गावातले बाकी सगळे त्याच्याहून हुशार, बोलघेवडे. नटाने स्वतःला कमी वाक्ये लिहिली आणि राष्ट्रीय पुरस्कार दोन्ही मिळाले, अभिनयाचा आणि संवादांचा. नागराज मंजुळेने ‘फँड्री’त (२०१३) स्वतःला चंक्याची लहान भूमिका दिली आणि मधली जागा जब्यासाठी मोकळी ठेवली. प्रवीण तरडेने ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) नायक ओम भुतकरला केले, स्वतः खलनायक झाला. मुळशी तालुक्याची भाषा त्यात बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. पुढे ‘सरसेनापती हंबीरराव’मध्ये (२०२२) लेखक, दिग्दर्शक आणि शीर्षकभूमिका तिन्ही त्याचीच. तिथे संवाद टाळ्यांसाठी थांबतात आणि समोरची पात्रे ऐकून घेण्यापुरती उरतात. ऐतिहासिक चित्रपटांच्या सध्याच्या लाटेत ही खोड एकट्या तरडेची नाही. सगळे मावळे एकाच ठसक्यात बोलतात. कोकणातला, मावळातला आणि बागलाणातला माणूस तेव्हाही वेगळा बोलत असणार, एवढे तरी लेखकाच्या लक्षात यायला हवे होते.

नाशिकच्या आसपासची बोली तर मराठी पडद्यावर जवळजवळ नाहीच. दत्ता पाटील यांनी लिहिलेल्या आणि सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हंडाभर चांदण्या’ने रंगभूमीवर या मातीचे बोलणे आणले. फाळके ज्या शहरात चित्रपट काढत, तिथले बोलणे चित्रपटात मात्र यायचे राहिले आहे.

‘गंगा जमुना’साठी दिलीपकुमारला अभिनयाचे फिल्मफेअर मिळाले नाही. त्या वर्षी ते ‘जिस देश में गंगा बहती है’साठी राज कपूरला गेले. ‘लीडर’साठी मात्र त्याला मिळाले. पुरस्कार देणाऱ्यांनी उलटे केले, असे माझे मत आहे. ‘गंगा जमुना’ पुन्हा पाहणार असाल तर या वेळी नायकाकडे थोडे दुर्लक्ष करा आणि पहिला अर्धा तास नीट ऐका, विशेषतः त्याच्या समोर उभ्या असलेल्यांना.