बदकाच्या पिल्लांना ‘कावीळ’ होते काय?

विज्ञानविषयक मराठी लिखाणात ‘हेपटायटिस’ या शब्दाला सरसकट ‘कावीळ’ हा प्रतिशब्द दिला जातो. माणसाच्या बाबतीत हा सैलपणा एक वेळ खपून जातो. पण बदकाच्या पिल्लांच्या विषाणुजन्य यकृतदाहालाही ‘बदकांची कावीळ’ म्हणायचे झाल्यास हरकत घ्यायला हवी. कावीळ हे लक्षण आहे. रक्तात पित्तरंजक साठले की त्वचा व डोळे पिवळे दिसू लागतात. या रोगात पिल्लाला पिवळे पडायला सवडच मिळत नाही. ते कळपाच्या मागे पडते, डोळे अर्धवट मिटते, कुशीवर कोसळते, पाय झाडते, मान मागे पाठीकडे ताणली जाते आणि तासा-दोन तासांत सारे संपते. (पेकिन जातीची पिल्ले तर जन्मतःच पिवळ्या लवेची असतात!)

१९४९ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अशी साथ आली आणि लेव्हिन व फॅब्रिकंट यांनी १९५० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. एक आठवड्याच्या आतील पिल्लांत मृत्यूचे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत ते निम्म्यावर किंवा त्याखाली येते आणि पाचव्या आठवड्यापर्यंत जवळपास शून्य होते. मोठी बदके आजारी दिसत नाहीत, अंडी देत राहतात. प्रसार विष्ठेतून होतो, अंड्यातून नव्हे. बरी झालेली पिल्ले आठ आठवड्यांपर्यंत विषाणू बाहेर टाकत राहतात आणि न धुतलेल्या ब्रूडरमध्ये तो दहा आठवडे टिकू शकतो. म्हणजे एक खेप मेली, दुसरी आणली, तीही मेली, याचे उत्तर नव्या पिल्लांत नव्हे, तर जुन्या जमिनीत असते. तपकिरी उंदीरही विषाणूचा साठा सांभाळत असावेत, असे प्रयोगांवरून वाटते.

नावाचा खरा घोटाळा मात्र पुढे आहे. १९६५ साली इंग्लंडमधील नॉरफॉकमध्ये आणि १९६९ साली पुन्हा अमेरिकेत अशाच मृत्यूंची नोंद झाली. तीही कुठे, तर पहिल्या विषाणूविरुद्ध संरक्षण मिळालेल्या कळपांत! त्यांना ‘प्रकार दोन’ व ‘प्रकार तीन’ म्हटले गेले. या क्रमांकांमुळे हे एकाच विषाणूचे तीन भाऊ आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात पहिला पिकोर्नाविषाणू, तर दुसरा व तिसरा ॲस्ट्रोविषाणू निघाले. तिसऱ्याचे गोत्र तर २००९ पर्यंत चुकीचेच लावलेले होते. पहिल्याला आता ‘बदक हेपटायटिस अ विषाणू’ म्हणतात. माणसातला ‘अ’ त्याच मोठ्या कुळातला असला तरी वेगळ्या प्रजातीचा आहे. अक्षर सारखे म्हणून रोग सारखा नव्हे. बदकांच्या या ‘अ’चेही तीन जनुकीय गट आहेत. त्यांतील पहिल्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे तिसऱ्या गटाच्या विषाणूला जवळजवळ रोखत नाहीत. बदकपालकाने लस टोचली आणि पिल्ले तरीही मेली, तर दोष लसीचा की निदानाचा, हे ‘हेपटायटिस’ या एका शब्दातून कळणार कसे?

निदानाच्या वर्णनातही हाच उथळपणा आढळतो. ‘पीसीआर केली, विषाणू सापडला’ एवढ्यावर गोष्ट संपवली जाते. पण पीसीआर ज्या जनुकीय तुकड्याच्या शोधात सोडावी, तोच शोधते. पिकोर्नाविषाणूसाठी बनवलेल्या चाचणीत ॲस्ट्रोविषाणू सापडायचा नाही. जुनी पद्धत किचकट खरी, पण ती अधिक प्रश्न विचारते. मेलेल्या पिल्लाच्या सुजलेल्या यकृतावर रक्तस्रावाचे ठिपके आहेत का? त्या यकृताचा अर्क रोगाला बळी पडू शकणाऱ्या पिल्लांना दिल्यास ती लवकरच तशीच मरतात का? बदकाच्या व कोंबडीच्या फलित अंड्यांत तो विषाणू वाढतो का? ‘प्रकार एक’ कोंबडीच्या अंड्यात वाढतो, ‘प्रकार तीन’ वाढत नाही. ज्ञात प्रतिपिंडांनी तो निष्प्रभ होतो का? यकृतावरचे ठिपके पाहणे तर फार मोलाचे, कारण बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिननेही बदकाची पिल्ले मान मागे टाकून मरतात. फक्त तिथे यकृतावर तसा रक्तस्राव दिसत नाही. अशा वेळी लस शोधत बसण्याऐवजी खाद्य बदलायला हवे.

आणखी एक विषाणू या गर्दीत नावामुळेच ओढला जातो. ‘बदक हेपटायटिस ब विषाणू’ १९८० साली वर्णिला गेला. तो अंड्यातून पिल्लात जातो, यकृतात आयुष्यभर राहतो आणि पिल्लांना सहसा मारत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या रोगाच्या जवळजवळ उलट. माणसातील ‘ब’शी मात्र त्याचे खरेच नाते आहे. १९८२ साली समर्स व मेसन यांनी याच बदक-विषाणूत दाखवून दिले की, हे डीएनए-विषाणू आपली प्रत आरएनएमार्गे, उलट्या लिप्यंतरणाने काढतात.