व्याधासमोरील हरिणे : ‘शिवलीलामृता’तील एका कथेचा विचार

श्रीधराने शके १६४० मध्ये बारामती येथे ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. त्यातील दुसऱ्या अध्यायाची व्याध-हरिणांची कथा मराठी घरांत इतकी परिचित आहे की, तिच्याकडे वाङ्मयकृती म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. भोर तालुक्यातील आंबवड्याच्या नागेश्वरासारख्या शिवस्थानी महाशिवरात्रीस जमणारा भाविक ती व्रतफलाची कथा म्हणून जाणतो. नकळत उपोषण घडले, नकळत बिल्वदले लिंगावर पडली आणि व्याध उद्धरला, एवढाच तिचा आशय मानला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. अपुरा मात्र निश्चित आहे. कारण कथेचा मोठा विस्तार पूजेवर खर्ची पडलेला नसून एका अगदी व्यवहारी प्रश्नावर पडला आहे: पाणवठ्यावर आलेल्यांपैकी कोणते जनावर मारावयाचे?

हा प्रश्न प्रथम भाषेच्या अंगाने पाहणे सोयीचे होईल. मराठीत ‘हरीण’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे; ‘सांबर’ आणि ‘भेकर’ हेही तसेच. जातिवाचक नामाने नर-मादीचा भेद पोटात घेतला आहे. सामान्य बोलणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, पण शिकाऱ्याचे अडते. ‘काळवीट’ हा शब्द म्हणूनच लक्षणीय आहे. तो नराचे नाव आहे, आणि एका परीने वयाचेही. कारण या जातीच्या नराचा काळा रंग वयाबरोबर चढतो, कोवळा नर मादीसारखाच पिंगट असतो. श्रीधराच्या कथेला आपण ‘हरणांची गोष्ट’ म्हणतो खरे, परंतु कथेच्या आत ते नपुंसकलिंग टिकत नाही. तेथे हरिणी येते, मृग येतो, पाडसे येतात. शिकाऱ्याच्या नजरेने करावयाची वर्गवारी येथे व्याकरणच करीत जाते.

प्रथम येते ती गर्भिणी हरिणी. प्रसूत होऊन परत येते, असे ती सांगते आणि व्याध तिला सोडतो. या सुटकेला टीकाकार सरसकट दया म्हणतात. येथे थोडे थांबले पाहिजे. मादी व पिले वगळणे हा मृगयेचा जुना संकेत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ पंधराव्या कलमातही मादी, पिले आणि मखमली कातडीने वेढलेल्या कोवळ्या शिंगांचा मृग यांची शिकार खास परवान्यावाचून निषिद्ध होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती व्यवस्थाच काढून टाकली आणि निवडीचा प्रश्न कायद्यापुरता मिटला. म्हणजे गर्भिणीस सोडणारा व्याध अद्याप चांगला शिकारीच आहे, संत झालेला नाही. घरी कुटुंब उपाशी आहे, एवढी झीज मात्र त्याने सोसली आहे.

कथेची खरी कसोटी नर समोर येतो तेव्हा लागते. मृगयेच्या कोणत्याही नियमाने हेच जनावर मारावयाचे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ‘म्यूल डिअर’ या मृगाचा शिकारीही अखेर नरांमध्येच निवड करतो. शिंगांच्या फाट्यांवरून, अंगाच्या ठेवणीवरून तो वयाचा व मोलाचा अंदाज बांधतो. बून अँड क्रॉकेट क्लबने तर १९५० मध्ये शिंगांच्या मोजमापाची पद्धतच ठरवून दिली. (मोठी शिंगे निवडून मारण्याचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर होतो, हे २००३ मध्ये कॅनडातील रानमेंढ्यांच्या अभ्यासाने दाखविले, निवड निरुपद्रवी नसते.) श्रीधराच्या व्याधाचा निर्णय शिंगांवर अवलंबून नाही. नराला सोडण्यास त्याच्यापाशी गर्भाचे कारण नाही, दुधाचेही नाही. उरतो तो केवळ त्या प्राण्याने दिलेला शब्द. संकेत संपतो आणि विश्वास सुरू होतो, तो येथे.

महाभारतातील पांडूची कथा शेजारी ठेवली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. मृगरूप घेतलेला किंदम ऋषी पांडूला मृगवधाबद्दल दोष देत नाही. समागमाची वेळ टळेपर्यंत थांबला नाही, हा त्याचा आक्षेप आहे. तेथे चूक वेळेची आहे आणि शाप बाण सुटल्यानंतरचा आहे. श्रीधराची हरिणे बाण सुटण्यापूर्वी बोलतात, म्हणून त्यांच्या बोलण्याला काही परिणाम आहे.

श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कोणते हरीण उभे राहत असेल, हा प्रश्नही अगदी गौण नाही. बारामतीकडच्या माळावर चिंकारा आहे. त्यात मादीलाही बारीक शिंगे असतात, दुरून नर ओळखणे कठीण. सह्याद्रीच्या झाडीत भेकर आहे. त्याला शिंगे फक्त नरालाच. आंबवड्याच्या श्रोत्याला कथेतील मृग अधिक चटकन दिसावा.

दोषही सांगितला पाहिजे. परत येण्याच्या शपथांत पापांची जी मालिका येते, ती पुराणिकाला प्रिय असली तरी कथेला जड होते. भयाने पळणारे जनावर इतके बोलत नाही. आणि मुख्य म्हणजे, शपथ जितकी लांबते तितका विश्वासाचा भार व्याधावरून उतरून पापभयावर पडतो. श्रीधराने आपल्याच कल्पनेचे बळ येथे कमी केले आहे.

शेवट मात्र निर्दोष आहे. सर्व हरिणे परततात आणि प्रत्येक जण ‘आधी मला मार’ म्हणून पुढे होतो. निवडीचा प्रश्न पुन्हा व्याधापुढे येतो, पण आता उत्तर देण्यास त्याच्यापाशी एकही कसोटी उरलेली नसते. परंपरा या हरिणांना मृगनक्षत्राशी आणि व्याधाच्या ताऱ्याशी जोडते. त्या नक्षत्राच्या मध्यभागी तीन तारे एका रेषेत आहेत, त्यांना लोक मृगाच्या पोटातला बाण म्हणतात. श्रीधराच्या कथेत तो बाण सुटलेलाच नाही.