लाकडी राघू आणि सिमेंटचा सुतार

कागलहून कोल्हापूरकडे येताना गोकुळ शिरगावजवळून कणेरी मठाकडे वाट फुटते. तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये बारा बलुतेदारांचे सिमेंटचे पुतळे आहेत. मी सुतारापाशी थबकतो. बैठक हुबेहूब, पण लाकडाची रेषा जोखणारी त्याची नजर सिमेंटमध्ये उतरलेली नाही. आमच्या पाळण्यावरच्या लाकडी राघूत ती होती. रेषेच्या कलानेच त्याची मान वळवलेली होती. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९८७ साली असेच लाकडी पक्ष्यांचे संग्रहालय सुरू झाले. बॉब स्पिअर यांनी घडवलेल्या शेकडो पक्ष्यांबरोबर तिथे कोरीवकामाची कार्यशाळाही पाहता येते. कणेरीत बलुतेदाराचे रूप टिकले, याचे मोल आहेच. मात्र त्या पुतळ्याशेजारी एखादा जिता सुतार वाकस घेऊन बसला, तरच त्याची विद्या पोरांना दिसेल.