आधी गॅप, मंग टायमिंग

लांजीच्या बाजारात अजूनही एखादी राजदूत मोटरसायकल दिसते. मागे धानाचं पोतं, टाकीचा रंग उडालेला, सायलेन्सरवर तेलाचा काळा ओघळ. एस्कॉर्ट्सची ही १७५ पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून घेतलेली. १९७३ च्या ‘बॉबी’त तिची ठेंगणी बहीण जीटीएस मिरवली. माझी राजदूत मिरवण्यातली नव्हती, ती उलटी किक मारायची. आठवडाभर नडगीला हळद लावून शेवटी मिस्त्रीकडे ढकलत नेली.

त्यानं एकदाच किक दाबली, झटका खाल्ला आणि म्हणाला, “टायमिंग ॲडव्हान्स झालं जी. आधी गॅप पाहतो, मंग टायमिंग.”

हे वाक्य घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्याच्या शेवटच्या पाच शब्दांत अख्खं इंजिन बसलं आहे.

गॅप म्हणजे पॉइंटची. मॅग्नेटच्या आत कॅमवर घासणारी एक छोटी पट्टी असते. तिच्या टोकावरचा धातूचा ठिपका समोरच्या ठिपक्याला टेकतो आणि सुटतो. पूर्ण उघडल्यावर दोघांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट राहते. मला वर्षानुवर्षं वाटायचं, ठिपके टेकले की ठिणगी पडते. उलटं आहे. टेकलेले असेपर्यंत कॉइलमधून प्रवाह मुकाट वाहतो. ते सुटतात, प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्यानं दुसऱ्या बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब चढून प्लगवर ठिणगी उडते. शेजारचा कंडेन्सर तेवढ्यात पॉइंट जळू देत नाही.

आता ‘आधी’. फट वाढवली की कॅम पट्टीला लवकर उचलतो, म्हणजे ठिणगी लवकर. फट कमी केली की उशिरा. म्हणून टायमिंग नीट लावून नंतर गॅपला हात लावला तर केलेलं सगळं वाया. माझ्या गाडीचं तेच झालं होतं. कुणीतरी पॉइंट घासून साफ केले, फट मोठी ठेवली आणि टायमिंग पाहिलंच नाही. ‘आधी’ आणि ‘मंग’ यांची जागा बदलायची सोय या वाक्यात नाही. एरवी आपण बोलताना हे शब्द किती सैल वापरतो!

राहिलं टायमिंग. ठिणगी पिस्टन टॉपवर पोचल्यावर द्यायची नसते, जरा आधी द्यायची असते. वायू पेटून पुरता भडकायला वेळ लागतो, आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर टू-स्ट्रोकला सेकंदाला ५० ठिणग्या लागतात. फार लवकर पेटला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तो खाली ढकलतो आणि तो धक्का आपल्या नडगीपर्यंत पोचतो. उशीर झाला तर गाडी चढावर रडते, सायलेन्सर तापतो.

गॅप पाहून झाल्यावर मिस्त्रीनं प्लग काढला, भोकात सायकलचा स्पोक सोडला, मॅग्नेट हातानं फिरवत टॉप शोधला. तिथून थोडं मागे येऊन खूण धरली. मग खिशातून पतंगाच्या कागदाचा तुकडा काढून पॉइंटमध्ये अडकवला आणि दोन बोटांनी अलगद ओढून धरला. दुसऱ्या हातानं मॅग्नेट हळू, अगदी हळू. कागद ताणलेला, ताणलेला, आणि सुटला. तो सुटला तीच ठिणगीची वेळ. मी डोळे फाडून पाहत होतो, पण पॉइंट उघडलेले मला दिसलेच नाहीत. मिस्त्री तर तिकडे पाहतही नव्हता, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होता.

कागद खुणेच्या आधीच सुटला होता. त्यानं पॉइंट बसवलेल्या प्लेटचे स्क्रू ढिले करून ती मॅग्नेट फिरतो त्या दिशेनं किंचित सरकवली. उलट दिशेला सरकवली असती तर ठिणगी आणखी लवकर आली असती.

समुद्रावरच्या होड्यांना मागे टांगायची जी जुनी आउटबोर्ड इंजिनं असत, त्यांचंही काळीज असंच मॅग्नेट आणि पॉइंटचं, उभ्या शाफ्टच्या डोक्यावर बसवलेलं. ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये अमेरिकेत आपली आउटबोर्ड मोटर विकायला काढली आणि ही इंजिनं रुळली. पुढे त्यातल्या अनेकांत प्लेट स्क्रूनं जखडलेली नसे, थ्रॉटलच्या दांडीला जोडलेली असे. वेग वाढवायला दांडी फिरवली की प्लेटही फिरे आणि ठिणगी आपोआप लवकर पडे. राजदूतमध्ये मिस्त्रीनं जे एकदाच ठरवून टाकायचं, ते तिथं नावाडी दर लाटेला मनगटानं बदलत राही. मला दांडीची रचना जास्त देखणी वाटते, पण लांजीत होडी नाही आणि पोतं तर न्यायचं आहे.

मिस्त्रीनं स्क्रू आवळले. मी किकवर पाय ठेवला तसा तो म्हणाला, “थांबा जी.” आवळताना प्लेट केसभर हलते. त्यानं कागदाला फुंकर मारली आणि पुन्हा पॉइंटमध्ये अडकवला.