वजाबाकीतला ‘उसना’ परत कोण करतो?

आधी फळ्यावरचं हे गणित बघा. ६२ वजा ३८. दुसरी-तिसरीतली पुष्कळ मुलं याचं उत्तर ३६ लिहितात. दोनातून आठ जात नाहीत ना, मग ती सरळ आठातून दोन घालवतात. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी अशा चुका तपासून दाखवलं, की त्या पुष्कळदा ठरावीक नियमाने होतात. म्हणजे मूल नियम पाळतंच, फक्त तो नियम चुकीचा असतो. माझा आक्षेप आहे तो आपल्या शिकवण्याच्या भाषेवर.

आपण सांगतो, ‘शेजारच्याकडून एक उसना घे.’ उसनं घेतलेलं परत करायचं, हे घरी शिकवलेलं असतं. इथे कुणीच काही परत करत नाही! शिवाय घेतला एक आणि झाले दहा, ते कसे? ‘उसना’ या शब्दात याचं उत्तर नाही. मग ३०२ वजा २९८ आलं की मूल अडतं, कारण शेजारच्याकडेच शून्य!

लिपिंग मा यांनी १९९९च्या पुस्तकात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना हीच वजाबाकी कशी शिकवाल, असं विचारलंय. बहुतेक अमेरिकी शिक्षक उसनं घेण्याच्या पायऱ्यांपाशी थांबले. चिनी शिक्षकांपैकी अनेकांनी मोठं एकक सुटं करण्याची भाषा वापरली. आणि गंमत बघा, हा शब्द आपल्या बाजारात रोज वापरात आहे. आपण नोट *मोडतो*. दहाची नोट मोडली की दहा सुटे. काही उसनं नाही, काही हरवलं नाही. मग दशक मोडायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप, एकाच रीतीच्या हट्टावर. चौसष्टचा माल घेऊन शंभराची नोट दिली, तर दुकानदार हातचा घेत नाही. तो मोजतो, ‘एक पासष्ट, पाच सत्तर, तीस शंभर.’ झाले ३६. याच रीतीने ३०२ वजा २९८ म्हणजे दोन पावलं तीनशेपर्यंत, दोन पुढे. चार!

आणि आपली अंकनावं? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं, केवढा गदारोळ झाला. त्यामागचा विचार रास्त होता. ‘बासष्ट’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी. पण ‘एकोणतीस’ हे नाव टाकू नका. त्यात एक *उणे* तीस दडलंय. ६१ मधून २९ घालवायचे? तीस घालवा, ३१ राहिले. एक जास्त गेला, तो परत द्या. ३२. बघा, परत करायचं असतं ते इथे!

आता कुणी म्हणेल, हातच्याची रीत कुठल्याही संख्येला चालते. खरंय. ती शिकवायलाच हवी, पण काड्यांचा गठ्ठा सोडवून दाखवल्यानंतर, आणि एकमेव म्हणून नव्हे. आज घरी गेल्यावर मुलाचं उत्तर चुकलं, तर लाल फुली मारण्याआधी एवढंच विचारा, ‘कसं केलंस, सांग बरं?’ त्याचा नियम कळला, तरच तो बदलता येईल.